दोन वाजून दहा मिनिटं

१

“माझा नवरा कुठाय?”

पिकअपच्या उघड्या दारातून आत वाकून रोपवाल्या बाईंनी हे इतक्या खणखणीत आवाजात विचारलं, की शेडमध्ये जो जिथं होता तो तिथंच थबकला. बाईंचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी कुणी हसलं नाही, कारण बाई कशाबद्दल बोलतायत हेही प्रत्येकाला ठाऊक होतं.

डॅशबोर्डच्या खाली डावीकडे एक जुना कॅसेटचा सेट बसवलेला होता. होता म्हणजे काल संध्याकाळपर्यंत होता. आज तिथं नुसती लोखंडी पट्टी उरली होती आणि पाच वायरी लोंबत होत्या.

“अहो, असं कसं होईल?” असं म्हणत फ्यूज धावला. फ्यूज म्हणजे या शेडमधला वायरिंगवाला. डोकं पटकन उडतं आणि पटकन जागेवरही येतं, म्हणून शेडच्या मालकांनी, उस्तादांनी, त्याला हे नाव ठेवलं होतं. पस्तिशी उलटली, लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली, तरी नाव काही सुटलं नाही. त्यानं सीटखाली पाहिलं, सीटमागं पाहिलं, कप्प्यात हात घातला. सेट जणू हवेत विरला होता.

तो सेट म्हणजे काही खजिना नव्हता. भंगारातही कुणी वळून पाहिलं नसतं. पण त्यात एक कॅसेट अडकलेली होती. बाहेर काढायचं बटण कधीच मेलं होतं, त्यामुळे तीच एक कॅसेट, तिची तीच एक बाजू, अकरा वर्षं वाजत होती. गाडीच्या टपावरच्या भोंग्यातून बाईंचा नवरा गल्लोगल्ली ओरडायचा, “रोपं घ्या, रोपं! बायको रुसली असेल तर गुलाब घ्या, सासू रुसली असेल तर निवडुंग घ्या!” आणि बाई स्टिअरिंगवरून त्याला उत्तर द्यायच्या, “झालं का तुमचं सुरू?” भांडायला माणूस आहे, म्हणजे घर भरलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याचा आवाज दुसरीकडे कुठंही नव्हता. लग्नाचे फोटो होते, पण फोटो बोलत नाहीत.

म्हणून तर काल नवा सेट बसवायला गाडी आली तेव्हा बाईंनी अट घातली होती. “नवा बसवा, खुशाल बसवा. पण जुना काढून टाकायचा नाही. आणि कॅसेटला कुणी हात लावायचा नाही. तुटली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?”

फ्यूजनं दिवसभर खपून काम केलं होतं. प्लास्टिकच्या पट्टीनं क्लिपा न तोडता फ्रेम काढली, नऊ इंची टचस्क्रीन बसवली, मागचा कॅमेरा जोडला, आणि जुन्या सेटसाठी खाली वेगळी पट्टी ठोकून त्याच्या वायरी तिथवर आणल्या. काम दृष्ट लागण्यासारखं झालं होतं. आणि दृष्ट लागली.

बाईंचा धाकटा भाऊ सोबत आला होता. नवी स्क्रीन ही त्याचीच भेट. त्यानं किल्ली फिरवली आणि पडद्याकडे बघून नाक उडवलं. “जुना गेला तो गेला, आणि नव्यात बघा. बाहेर दहा वाजून दहा झालेत, हा ०२:१० दाखवतोय. वा रे कारागीर!”

फ्यूजचं तिकडे लक्षच नव्हतं. तो त्या लोंबणाऱ्या वायरींकडे बघत होता, आणि जे दिसत होतं ते त्याला मुळीच आवडलं नाही.

२

“कुणी चौकीबिकीवर जायचं नाही. आधी मी बघते,” शिलाईमावशी म्हणाल्या.

शेडचा अर्धा भाग त्यांनी भाड्यानं घेतलेला. तिथं त्यांचं शिलाईयंत्र, रेक्झिनचे गुंडाळे आणि फोमचे ढीग. तीस वर्षं त्या गाड्यांची सीट कव्हरं शिवत होत्या. फाटकी सीट बघून त्या सांगायच्या की मालक कुठल्या कुशीवर कलतो आणि खिशात किल्ल्या ठेवतो की नाही. “माणूस तोंडानं खोटं बोलेल, बूड खोटं बोलत नाही,” हे त्यांचं लाडकं वाक्य. आजूबाजूला कुणाची सायकल हरवली, कुणाचा नवरा रुसून गेला, तर लोक आधी त्यांच्याकडेच यायचे.

“मला माझा माणूस हवाय मावशी,” बाई म्हणाल्या. एरवी सगळ्या बाजाराला दम देणाऱ्या बाईंचा आवाज एकदम चिरका झाला. “दुसरं काही नको. ही स्क्रीनपण काढून न्या.”

“मिळेल. बसा तुम्ही.”

शटरच्या किल्ल्या तीन. एक उस्तादांकडे, एक फ्यूजकडे, एक मावशींकडे. सकाळी नऊला मावशींनीच शटर उघडलं होतं. कुलूप जागच्या जागी, धड होतं. शेडच्या मागच्या भिंतीत एक लाकडी दार होतं, पण त्याची कडी अशी नाजूक, की जोरानं शिंकलं तरी उघडेल. म्हणजे आत कुणीही येऊ शकत होतं.

भावाला पहिलं धरलं. मावशींनी त्याला फोमच्या ढिगावर बसवलं, म्हणजे माणूस आपोआप खाली रुततो आणि ऐट कमी होते.

“तुला तो आवाज नको होता ना?”

“नकोच होता! अकरा वर्षं तेच निवडुंग ऐकतोय. माझ्या स्वतःच्या सासूनं विचारलं, जावईबापू, हे मला उद्देशून आहे का? नव्या सेटवर आपण छान संगीतासकट नवी जाहिरात लावू, असं मी ताईला दहादा सांगितलं. पण मावशी, मी चोरी केली असती तर ताईच्या समोर उभा राहिलो असतो का? तिनं मला लहानपणी विहिरीत ढकलायची धमकी दिली होती, ती अजून मागे घेतलेली नाही.”

“बॅटरीची काळी वायर कुठली, सांग बघू.”

भावानं बॉनेट उघडलेल्या गाडीकडे पाहिलं आणि थेट वायपरच्या पाण्याच्या नळीवर बोट ठेवलं. मावशींनी मान हलवली आणि त्याला उठवलं. हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते फ्यूजला कळलं नाही.

मग आला भंगारवाला. काल दुपारी याच शेडमध्ये उभं राहून त्यानं तो जुना सेट मागितला होता, सगळ्यांदेखत. निरोप गेल्या गेल्या तो हातगाडी घेऊन हजर झाला, तोही तणतणत.

“मी मागितला, उघड मागितला! नाही म्हणालात, विषय संपला. आणि बघा की वायरी अजून लोंबतायत. तांबं आहे त्यात, तांबं! मी चोर असतो तर ती मागं ठेवली असती? माझ्या बायकोनं घरात घेतलं नसतं मला.”

“खरंय,” मावशी म्हणाल्या. “हा असता तर गाडीत आरसासुद्धा उरला नसता.”

भंगारवाल्याला ही स्तुती वाटली. तो खूश होऊन गेला.

३

उस्ताद कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसून होते. शेड त्यांचीच. चाळीस वर्षांत गावातल्या निम्म्या गाड्यांना त्यांनी आवाज दिला होता. बाईंच्या गाडीतला तो जुना सेटही त्यांनीच बसवला होता आणि ती कॅसेटही इथंच, याच शेडमध्ये, त्यांनीच भरून दिली होती. दोन वर्षांपासून मात्र ते हातात पाना धरत नव्हते. येऊन बसायचे, चुका काढायचे.

“तुम्ही कधी आलात उस्ताद?” मावशींनी विचारलं.

“नेहमीसारखा. साडेनऊला. बाई बाराला येणार होत्या ना? त्या दहालाच आल्या.” उस्तादांनी समोरचा चहा तसाच ठेवला होता. दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. “रात्रीच कुणीतरी हात मारला असणार. दुसरं काय?”

“काल तो सेट वाजवून बघितला तेव्हा काय वाटलं तुम्हाला?”

“काय वाटणार? आवाज ओढत होता. आतला पट्टा सैल झालाय आणि फीत चावली जातेय. आणखी दोन-चार दिवस वाजला असता, मग ती तुटलीच असती.” एवढं बोलून ते गप्प झाले. बोलून बसलो असं त्यांना वाटलं असावं.

मावशी चष्मा नाकावर चढवून पिकअपमध्ये शिरल्या. त्या लोंबणाऱ्या वायरी त्यांनी एकेक करून हातात घेतल्या. पाचही टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. आणि प्रत्येक पट्टीचं टोक दुमडून छोटासा कान काढलेला होता, पुढच्या माणसाला नखानं सहज सोडता यावी म्हणून.

“फ्यूज,” त्या म्हणाल्या, “असा कान कोण काढतं?”

फ्यूजनं ती पट्टी बोटानं चाचपली. मघाशी त्यानं हेच पाहिलं होतं. “उस्तादांची शिकवण आहे. वायर उघडी सोडायची नाही आणि पट्टी अशी लावायची की पुढच्यानं शिव्या देऊ नयेत.”

“आणि त्यांच्याकडे शिकलेला, अजून हे काम करणारा या गावात कोण आहे?”

“मीच,” फ्यूज म्हणाला.

बाई सावकाश उठून उभ्या राहिल्या.

“तू?” त्या म्हणाल्या. “अरे, काल मी तुला मुलीसाठी मोगऱ्याचं रोप दिलं रे.”

फ्यूजला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. त्याला रागही आला आणि रडूही आलं. पंधरा वर्षांत या हातानं कुणाच्या गाडीतला एक स्क्रूसुद्धा घरी नेला नव्हता. “बाई, आईशप्पथ सांगतो, मी नाही.”

“चोर कधी हो म्हणतो का?” भाऊ म्हणाला.

“तू फोमवर बस,” मावशींनी त्याला सुनावलं.

४

मावशी अजून पिकअपमधून उतरल्या नव्हत्या. पडद्याकडे टक लावून बघत होत्या.

“फ्यूज, घड्याळ लावलं नव्हतंस?”

“नाही. ते मी नेहमी गिऱ्हाइकाच्या हातानंच लावतो. नवी वस्तू आहे, पहिलं बोट मालकाचं लागावं. फोन जोडला की वेळ आपोआप येते, तोवर शून्यापासून चालत राहतं.”

“कधीच्या शून्यापासून?”

“बॅटरी जोडली की तिथून. कामाआधी बॅटरीची काळी वायर सोडायची, काम झालं की जोडायची. जिवंत वायरीला हात लावायचा नाही, हा उस्तादांचा पहिला धडा. मी एकदा विसरलो होतो तर त्यांनी पाना फेकून मारला होता.”

“काल कधी जोडलीस?”

“सहाला. तुम्ही निघत होतात बघा. मी म्हणालो, मावशी, सहा वाजले, झालं माझं.”

मावशींनी शिवणाचा खडू घेतला आणि काळ्या रेक्झिनवर आकडे मांडले. “काल संध्याकाळी सहा ते आज सकाळी दहा वाजून दहा. सोळा तास दहा मिनिटं. म्हणजे पडद्यावर काय दिसायला हवं होतं?”

“सोळा दहा,” फ्यूज म्हणाला, आणि त्याचे डोळे मोठे झाले. “पण दिसत होतं दोन दहा!”

“म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावरून सुरू झालं, ते दोन तास दहा मिनिटं आधी. सकाळी बरोबर आठला. कुणीतरी बॅटरीची वायर सोडली, सेट काढला, टोकं बांधली आणि आठला वायर परत जोडून निघून गेलं. अरे, चोर कधी बॅटरी सोडतो का? चोर ओढतो आणि पळतो. म्हणून तर मघाशी या भावाला काळी वायर विचारली होती.” त्या बाईंकडे वळल्या. “बाई, रात्रीचं विसरा. आज सकाळी आठचं बोला. फ्यूज, आठला कुठं होतास?”

“शाळेत! मुलीच्या शाळेत पालकसभा होती. साडेसातपासून नऊपर्यंत. शिक्षिकेनं तीस पालकांसमोर मला उभं करून विचारलं, घरी गणिताकडे कोण बघतं? मी म्हटलं मी. त्या म्हणाल्या, दिसतंय.”

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. “तीस साक्षीदार आहेत म्हणजे.”

“एकतीस. शिक्षिका धरून.”

फ्यूज सुटकेनं हसला. आणि हसता हसता एकदम थांबला. पट्टीला कान काढणारी माणसं दोन. बॅटरी सोडल्याशिवाय वायरीला हात न लावणारी माणसं तीच दोन. त्यातला एक आठ वाजता शाळेत उभा राहून बोलणी खात होता.

“मावशी,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “पुढचं बोलू नका. माझं नाव लागलं तर लागू दे. मी सांभाळून घेईन.”

“वेड लागलंय का तुला? आणि बाईंचं काय?”

“त्याला सांभाळून घ्यायला लावू नका,” कोपऱ्यातून आवाज आला. उस्ताद उठून उभे राहिले होते. “आमच्या काळच्या सेटांना घड्याळ नसायचं हो मावशी. माझ्या लक्षातच आलं नाही.”

त्यांनी खिशातून हात बाहेर काढले. दोन्ही हात थरथरत होते.

५

उस्तादांचं घर मागच्या गल्लीत. ते पुढे आणि बाकी सगळे मागे, असे तिथं गेले. खोलीत टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली भिंग आणि भिंगाखाली पोट उघडं पडलेला बाईंचा सेट. बाईंनी तोंडावर पदर धरला. तपकिरी फितीचा एक पदर कॅसेटमधून निघून बारक्या रबरी चाकाभोवती घट्ट गुंडाळला गेला होता. अजून तुटला नव्हता, पण ओढला तर तुटणार हे न शिकलेल्यालाही कळत होतं.

“काल आवाज ऐकला आणि मला झोपच लागली नाही,” उस्ताद म्हणाले. “तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हात लावू दिला नसता. म्हटलं सकाळी न्यावा, तासाभरात कॅसेट मोकळी करावी, पट्टा बदलावा आणि तुम्ही बाराला यायच्या आत परत बसवावा. सोडवताना हात ठीक चालले. पण इथं, केसाएवढ्या कामाला...” त्यांनी हात पुढे केले. “तीनदा प्रयत्न केला. मग भीती वाटली. शेडमध्ये येऊन बसलो, तोवर तुम्ही दहालाच दारात.”

“आणि माझ्यावर आळ आला तेव्हा?” फ्यूजचं डोकं आता मात्र उडालं. “तुम्ही खुर्चीत बसून ऐकत होतात उस्ताद! एक शब्द बोलला नाहीत!”

“नाही बोललो. लाज वाटली. हात गेले हे चारचौघांत सांगायची लाज वाटली मला, आणि त्यापायी मी तुला चोर ठरू दिलं. चुकलो मी, लेका. फार चुकलो.”

चाळीस वर्षांत उस्तादांनी कुणाची माफी मागितल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. फ्यूजनं टेबलाजवळचं स्टूल ओढून त्यांच्यामागं सरकवलं.

बाई टेबलाशी आल्या. भिंगातून त्यांनी ती गुंडाळलेली फीत बराच वेळ बघितली.

“हे असंच बंद करून परत लावलं तर?”

“पहिल्या फेरीतच तुटेल,” उस्ताद म्हणाले.

“आणि सोडवायला गेलं तर?”

“सुटेलही, तुटेलही.”

बाईंनी फ्यूजकडे पाहिलं. “तुझे हात दाखव बघू.” त्यानं हात पुढे केले. मघाचा राग, पालकसभा, चोरीचा आळ, सगळं होऊनही बोटं स्थिर होती. “मी मघाशी तुला चोर समजले. मनातून काढून टाक. आणि हे तू कर.”

“मी कॅसेटचं काम कधी केलेलं नाही बाई.”

“मी सांगतो,” उस्ताद म्हणाले. “तू फक्त कर.”

मग अर्धा तास त्या खोलीत उस्तादांचाच आवाज होता. “चिमटा आडवा धर. ओढू नकोस, चाक उलटं फिरव. श्वास सोड. आता एक वेढा. थांब. घाई कशाला, गाडी चुकणार आहे का? आणखी एक.” मावशींनी आपल्याजवळची सगळ्यात बारीक सुई दिली, तिनं शेवटचा वेढा सुटला. फीत सुरकुतली होती, पण अखंड होती. फ्यूजनं पेन्सिल घालून ती आत गुंडाळून घेतली, उस्तादांच्या खणातला नवा पट्टा चढवला, आणि अकरा वर्षांनी कॅसेट पहिल्यांदाच बाईंच्या हातात आली.

त्यांनी ती पदरानं पुसली, उलटीसुलटी केली. “दुसऱ्या बाजूला काय असेल हो?”

“काही नसेल,” उस्ताद म्हणाले. “आठवत नाही.”

“लाव बरं तीच.”

फ्यूजनं सेट टेबलावरच्या बॅटरीला आणि स्पीकरला जोडला आणि दुसरी बाजू वर करून कॅसेट आत सारली. आधी नुसती खरखर. मग बाईंच्या नवऱ्याचा आवाज, पण ओरडणारा नव्हे, घसा साफ करणारा. “हं, सुरू झालं का उस्ताद? रोपं घ्या, रोपं! बायको रुसली असेल तर गुलाब घ्या, सासू रुसली असेल तर—” आणि मध्येच एका तरुण बाईचा हसण्याचा फवारा. “अहो, तुमच्या आई ऐकतील ना!” “अगं गप, भरलं जातंय सगळं!” “निवडुंग! निवडुंग काय!” आणि ती अशी हसायला लागली, की हसता हसता नाकातून घुर्र आवाज आला, त्यावर ती आणखी हसली. तोही हसायला लागला. लांबून उस्ताद ओरडत होते, “पुन्हा पहिल्यापासून!”

बाईंच्या कपाळाला आठी पडली. “ही कोण बया एवढी खिदळतेय माझ्या नवऱ्याजवळ?”

भावानं बहिणीकडे पाहिलं. “ताई,” तो म्हणाला, “तूच आहेस ती.”

बाई ऐकत राहिल्या. कॅसेटमधली बाई पुन्हा घुर्र करून हसली. “मी अशी हसायचे?” त्या म्हणाल्या. “मला आठवतच नव्हतं.” आणि त्यांना हसू आलं, अगदी तस्संच, नाकातल्या आवाजासकट. भावालाही ते आवरेना, मावशींना आवरेना, आणि उस्ताद थरथरत्या हातांनी डोळे पुसत हसत होते.

“हे भोंग्यावर नको,” बाई शेवटी म्हणाल्या. “भोंग्यावर निवडुंगच चालू दे. हे आत लाव, माझ्यापुरतं, त्या मोठ्या पडद्यात. होईल का रे?”

“होईल की,” फ्यूज म्हणाला, आणि केबल कुठल्या खणात आहे ते उस्तादांना विचारत उठला.